ड्राय फिल्म प्रिंटरची बेसलाइन ठरवताना: कामाच्या नोंदी

२ जून, सोमवार

सीटी-एमआरआयच्या फिल्म छापणारा नवा ड्राय लेझर प्रिंटर शुक्रवारी बसला. बसवायला आलेल्या इंजिनिअरने जाता जाता एक चाचणी-फिल्म काढली, स्वतःच्या डेन्सिटोमीटरने (काळेपणा मोजायच्या मीटरने) मोजली आणि आमच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) फॉर्मच्या 'बेसलाइन' रकान्यात आकडे भरून सही ठोकली. एमडी १.२६, डीडी १.७४, डीमिन ०.२२, डीमॅक्स ३.१५. एक फिल्म, एकदाच मोजलेली, तीही परक्या मीटरने.

मॅडमनी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. "हे चालेल ना?"

"दोन आठवडे द्या," मी म्हणाले. त्यांना ते जास्त वाटले. मलाही जास्तच वाटले होते, पण मागून ठेवले.

पुढे हे पान दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर म्हणून थोडं सविस्तर लिहिते. फिल्मचा काळेपणा आपण ऑप्टिकल डेन्सिटीत मोजतो आणि ही मोजपट्टी लॉगची आहे. डेन्सिटी १ म्हणजे मागच्या उजेडाचा दहावा भाग फिल्ममधून पार होतो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. डीमिन म्हणजे काहीही न छापलेल्या जागेचा काळेपणा: फिल्मच्या निळसर पायाचा स्वतःचा रंग आणि त्यावरचं हलकं धुकं. डीमॅक्स म्हणजे प्रिंटर देऊ शकतो तो सर्वात गडद काळा. चाचणी-फिल्मवर फिक्यापासून गडदपर्यंत करड्या पायऱ्या असतात; त्यातली मधली एक पायरी एमडी, आणि एका गडद व एका फिक्या पायरीतला फरक म्हणजे डीडी. एमडीवरून एकूण काळेपणा सरकला का ते कळतं, डीडीवरून कॉन्ट्रास्ट बदलला का ते.

माणसाचा ताप बघताना ९८.६ हा आकडा सगळ्यांना लावता येतो. प्रिंटरला तसा सर्वमान्य आकडा नाही. एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर शेजारी ठेवले तरी त्यांचे आकडे थोडे वेगळे येणार. म्हणून ठणठणीत असताना हाच प्रिंटर, याच फिल्मवर, याच मीटरने काय देतो ते आधी नोंदवून ठेवायचं आणि पुढची प्रत्येक फिल्म त्याच्याशी ताडून बघायची. ही पहिली नोंद चुकली तर पुढे वर्षभर चुकीच्या खुणेशी ताडत बसू.

३ जून, मंगळवार

प्रिंटरला आज हातच लावला नाही. आधी मीटर.

आमच्या डेन्सिटोमीटरसोबत प्रमाणित पट्टी येते, तिच्या तीन पायऱ्यांचे आकडे पाकिटावर लिहिलेले असतात. फिकी आणि मधली पायरी नीट आली. गडद पायरीवर पाकीट म्हणतं २.९८, मीटर म्हणतं २.८९. पुन्हा शून्य केलं, पुन्हा मोजलं: २.८८.

वरची भुजा उचलून पाहिलं तर छिद्राच्या काठावर कागदाचा बारीक भुगा. ब्लोअरने उडवला, मऊ कोरड्या ब्रशने पुसलं, पंधरा मिनिटं चालू ठेवून पुन्हा कॅलिब्रेट केलं. आता २.९७. फिक्या भागात या घाणीचा पत्ताही लागत नाही. गडद भागात मुळात हजारावा हिस्सा उजेड येत असतो, त्यात आडवातिडवा शिरलेला थोडासा उजेडही आकडा पाडतो.

मग पट्टीचं पाकीट उलटून पाहिलं, तर प्रमाणपत्राची मुदत कधीच संपलेली. पट्टीवर दोन ओरखडे. नवी मागवायला सांगितली. ती येईपर्यंत शेजारच्या विभागातली मुदतीतली पट्टी उसनी आणून ताडलं: तिन्ही पायऱ्या ०.०२ च्या आत. एवढ्यावर पुढे जायला हरकत नाही.

मीटरचा सिरियल नंबर फॉर्मवर लिहिला. बेसलाइन प्रिंटरची म्हणतात, पण ती या जोडीची असते. उद्या मीटर बदललं तर जुन्या-नव्या दोन्ही मीटरांनी त्याच फिल्म मोजून फरक काढावा लागेल.

४ जून, बुधवार

दोन प्रश्न होते. सकाळी चालू केल्यावर प्रिंटर किती वेळाने स्थिरावतो? आणि काहीच बदललेलं नसताना आकडा किती हलतो?

८:०५ ला चालू केला. ८:२५ ला 'तयार' असं दाखवलं, लगेच एक फिल्म काढली. आठव्या पायरीची डेन्सिटी १.१५. चालू केल्यापासून तासाभराने, ९:०५ ला, १.१९. त्यानंतर तासाने पुन्हा १.१९. म्हणजे 'तयार' या शब्दाचा अर्थ छापायला तयार, एवढाच. या जातीच्या प्रिंटरात फिल्मवर लेझरने चित्र उमटतं आणि मग सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापलेल्या ड्रमवरून जाताना ते काळं होतं. रसायन फिल्मच्या आतच असतं, टाक्या नाहीत, पाणी नाही. जुन्या ओल्या प्रोसेसरमध्ये (रसायनांच्या टाक्यांतून फिल्म काढणाऱ्या यंत्रात) डेव्हलपरचं तापमान बघायचो, इथे ड्रमचं. पडद्यावर त्याचं तापमान ठरलेल्या आकड्यावर दिसत होतं, तरी आठवी पायरी ०.०४ ने खाली. ड्रमभोवतीचा बाकीचा सांगाडा गरम व्हायला वेळ घेत असावा, असा माझा अंदाज. कारण काही असो, नियम केला: क्यूसीची फिल्म चालू केल्यापासून तासाभरानंतरच.

दुसरा प्रश्न. एकच फिल्म मी दहा वेळा मोजली: १.१८ ते १.२०. तीच रात्रपाळीच्या मुलाने मोजली: १.१९ ते १.२१. त्याने फिल्म उलटी ठेवली होती, चकचकीत बाजू वर. इमल्शन, म्हणजे रसायनाचा थर, नेहमी एकाच बाजूला ठेवायचं, हेही फॉर्मवर टाकलं. मग लागोपाठ पाच फिल्म काढल्या, आठव्या पायरीची सरासरी १.१९, सगळ्या ०.०२ च्या आत.

हा ०.०२ चा आकडा पक्का लक्षात ठेवायचा. यापेक्षा लहान फरकावर कुणी माझ्याशी वाद घालायला आलं तर चहा पाजून परत पाठवीन.

५ जून, गुरुवार

कोणती पायरी एमडी मानायची?

जुन्या ओल्या प्रोसेसरच्या काळातली रीत अजून चालते. सेन्सिटोमीटरने फिल्मवर पायऱ्या उमटवायच्या, पाच दिवसांची सरासरी काढायची. १.२० च्या सर्वात जवळची पण त्याहून कमी नसलेली पायरी एमडी. २.२० च्या जवळची गडद पायरी, आणि ०.४५ च्या जवळची पण त्याहून कमी नसलेली फिकी पायरी, त्यांची वजाबाकी डीडी. ड्राय प्रिंटरला वेगळा सेन्सिटोमीटर लागत नाही. लेझर स्वतःच उजेड टाकतो, त्यामुळे आतली चाचणी-पट्टी तेच काम करते. आमच्या प्रिंटरच्या पट्टीत १६ पायऱ्या आहेत.

कालच्या पाच फिल्मची सरासरी बघितली तर चौथी पायरी ०.४७, बारावी २.१७. इथवर ठीक. आठवी १.१९, नववी १.४१. नियम शब्दशः पाळला तर आठवी बाद, कारण ती ०.०१ ने कमी, आणि एमडी थेट १.४१ वर जाते. १.४१ ची पायरीही वाईट नाही, वक्राच्या उताराच्या भागातच आहे. पण ज्या ०.०१ वरून निर्णय फिरतो तो मीटरच्या थरथरीच्याही आतला आहे.

मॅडमचं मत: नियम म्हणजे नियम, नववी घ्या, तपासणीला कुणी आलं तर उत्तर द्यावं लागणार नाही. माझं मत: आठवी घ्यावी आणि का घेतली ते दोन ओळींत लिहावं. शेवटी ठरलं की आज ठरवायचंच नाही. एका सकाळच्या पाच फिल्म आणि पाच दिवसांच्या पाच फिल्म या वेगळ्या गोष्टी आहेत. पाच दिवस होऊ देत.

६ जून, शुक्रवार

आतली पट्टी फक्त प्रिंटर तपासते. रुग्णाची फिल्म तिथून निघत नाही. ती सीटीच्या किंवा एमआरआयच्या कन्सोलवरून, नेटवर्कवरून, प्रिंटरच्या टोन-वक्रातून, म्हणजे कोणत्या छटेला किती काळेपणा द्यायचा ते ठरवणाऱ्या वक्रातून, येते. तो सगळा रस्ता तपासायला कन्सोलवरून एसएमपीटीई नमुना पाठवायचा. मुळात हा सिनेमा-टीव्हीच्या इंजिनिअरांच्या संस्थेचा नमुना, रेडिओलॉजीत येऊन कायमचा स्थायिक झाला. ० ते १०० टक्क्यांपर्यंत दहा-दहाने चढणारे चौकोन, ० च्या चौकोनात ५ टक्क्यांचा लहान चौकोन आणि १०० च्या चौकोनात ९५ चा. फिल्मवर ० टक्के म्हणजे सर्वात काळा.

सीटीवरून पहिली फिल्म आली. ५ टक्क्यांचा चौकोन गायब, ९५ चाही गायब. क्षणभर प्रिंटरवर संशय आला. पण कन्सोलच्या पडद्यावरही ते नव्हते. नमुना उघडताना पोटाच्या तपासणीची विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायच्या छटांचा पल्ला, आपोआप लागली होती. नमुन्याच्या पूर्ण पल्ल्याएवढी विंडो लावल्यावर दोन्ही चौकोन स्वच्छ दिसले. ती विंडो आणि लेव्हल कन्सोलशेजारी भिंतीवर चिकटवली. नाहीतर दर आठवड्याला कुणीतरी वेगळ्या विंडोने छापणार आणि दोष प्रिंटरच्या माथी.

आकडे. सीटीवरून: ० टक्के ३.१०, १० टक्के २.५८, ४० टक्के १.४२, ९० टक्के ०.३३. एमआरआयवरून: ३.१०, २.४१, १.२७, ०.३१.

दोन्ही टोकं जवळपास सारखी, मधला भाग वेगळा. प्रिंटर तोच, फिल्म तीच, ट्रे तोच. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक यंत्राच्या एई टायटलमागे, म्हणजे त्याच्या नेटवर्कवरच्या नावामागे, कोणता टोन-वक्र लावायचा ते ठरवता येतं, आणि सीटीला जास्त कॉन्ट्रास्टचा वक्र दिलेला होता. तो मुद्दाम दिलेला. जुन्या प्रिंटरवर डॉक्टरांना सीटी तशीच आवडायची, म्हणून बसवतानाच मागून घेतला होता. चूक कुणाचीच नाही. पण याचा अर्थ एसएमपीटीईची बेसलाइन प्रत्येक यंत्राची वेगळी. सीटी, एमआरआय आणि डिजिटल एक्स-रे मिळून फॉर्म एकाचे तीन झाले.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने एमआरआयच्या फिल्मसाठी याच चार चौकोनांचे आकडे दिले आहेत: २.४५, २.१०, १.१५ आणि ०.३०, पहिल्या तिघांना ±०.१५ आणि शेवटच्याला ±०.०८ ची मुभा. आमचा ० टक्के ३.१०. "म्हणजे आपण नापास?" असं रात्रपाळीच्या मुलाने विचारलं. नापास नाही. आमचा प्रिंटर ३.१ डीमॅक्सवर लावलेला आहे, ते आकडे त्याहून फिक्या काळ्याला धरून आहेत. दुसऱ्याची बेसलाइन उसनी घेतली की असं होतं. मुभेचे आकडे मात्र उपयोगाचे, त्याकडे नंतर वळू.

९ जून, सोमवार

पाच दिवसांची मालिका सुरू. रोज ९:३० नंतर एक आतली पट्टी. आठवी पायरी १.२१.

१० जून, मंगळवार

१.२२.

११ जून, बुधवार

१.२१. आता आठवी पायरी १.२० च्या वरच बसणार असं दिसतं, म्हणजे गुरुवारचा वाद आपोआप मिटला. मॅडमना सांगितलं, त्या हसल्या.

१२ जून, गुरुवार

१.२८. चौथी पायरी ०.५०, बारावी २.२६.

१३ जून, शुक्रवार

१.२७.

पाच दिवसांची सरासरी काढली: १.२४. कॅल्क्युलेटरवर १.२३८ आलं, दोन दशांश स्थळांपर्यंत आणून १.२४. रकान्यात लिहायला पेनही उचललं होतं. पाचही आकडे १.२४ च्या ±०.१५ मध्ये आरामात बसतात. कुठल्याही तपासणीत हे पान पास झालं असतं.

पण बुधवारपर्यंत १.२१ च्या आसपास आणि गुरुवारपासून १.२८ च्या आसपास, मधे काहीच नाही. १.२४ या जागेवर हा प्रिंटर पाच दिवसांत एकदाही नव्हता.

आधी मीटर निर्दोष आहे का ते बघायला हवं. सोमवारची फिल्म पाकिटातून काढली आणि पुन्हा मोजली: १.२१. म्हणजे मीटर तेच सांगतंय, फिल्म किंवा प्रिंटर बदललाय. (जुन्या फिल्म जपून ठेवायच्या त्या यासाठी. पण अंधाऱ्या पाकिटात. ही फिल्म धुतलेली नसते, चांदीचं रसायन तिच्यात तसंच राहतं. व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर, दिवसरात्र टांगून ठेवली तर उष्णतेने आणि उजेडाने पाया हळूहळू काळवंडतो.)

मग प्रिंटरची नोंदवही उघडली, पडद्यावरची. बुधवारी दुपारी ४:४० ला नवा ट्रे, नव्या लॉटचा. त्याखालची ओळ: कॅलिब्रेशन पुढे ढकललं.

नवा लॉट घातला की हा प्रिंटर विचारतो, आता कॅलिब्रेट करू का नंतर? हो म्हटलं की तो एक पट्टी छापतो, आतल्या लहान डेन्सिटोमीटरने मोजतो आणि त्या लॉटच्या संवेदनशीलतेप्रमाणे लेझरची ताकद जुळवतो. दोन-तीन मिनिटं लागतात. बुधवारी ४:४० ला फिल्मची रांग लागली होती, कुणीतरी 'नंतर' दाबलं. कुणी दाबलं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. मी असते तर मीही तेच दाबलं असतं.

आता हाताने कॅलिब्रेशन केलं, तासाभराने पट्टी काढली: १.२२.

गुरुवार-शुक्रवारचे आकडे खरे आहेत, खोटे नाहीत. प्रिंटरने त्या दोन दिवशी रुग्णांना खरोखरच थोड्या काळ्या फिल्म दिल्या. पण ते त्याचं निरोगी रूप नाही, म्हणून बेसलाइनमध्ये ते जाणार नाहीत. पाचही दिवस पुन्हा.

मॅडम म्हणाल्या, "दोन आठवडे मागितले होतेस ना, झाले." हो, झाले.

१६ जून, सोमवार

मालिका उद्यापासून. आज सपाट करड्याची फिल्म, म्हणजे पूर्ण १४ × १७ इंचांवर एकच मधला करडा. यावर पायऱ्यांच्या पट्टीत न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात.

मध्यभागी १.२२. चार कोपरे १.२०, १.२१, १.२४, १.२५. उजवी बाजू किंचित काळी. दुसरी फिल्म काढली, तीच बाजू तेवढीच काळी. म्हणजे हा त्या फिल्मचा दोष नाही, ड्रमचा किंवा लेझरचा स्वभाव आहे. डोळ्याला अजिबात दिसत नाही. आकडे लिहून ठेवले, वाढले तर कळेल.

डोळ्याला दिसलं ते वेगळंच. उजवीकडे साधारण एक तृतीयांशावर एक केसाएवढी पांढरी रेघ, वरपासून खालपर्यंत. दोन्ही फिल्मवर त्याच जागी. फिल्म कोणत्या टोकाने बाहेर येते त्यावर मार्करने खूण करून बघितलं, रेघ फिल्मच्या चालीच्या दिशेने. लेझर प्रिंटरात किरण फिल्मच्या रुंदीवर आडवा झाडू मारल्यासारखा फिरतो आणि फिल्म त्याखालून पुढे सरकते. किरणाच्या वाटेत आरशावर किंवा काचेवर कण बसला की प्रत्येक आडव्या फेरीत तोच एक बिंदू उपाशी राहतो. उजेड कमी म्हणजे काळेपणा कमी, म्हणून रेघ पांढरी, आणि बिंदूंखाली बिंदू येऊन ती चालीच्या दिशेने लांबते. रेघ आडवी असती तर सरकण्याच्या यंत्रणेवर संशय घेतला असता.

तीन आठवडे झाले नाहीत आणि धूळ. इंजिनिअरला बोलावलं. आतलं उघडणं माझं काम नाही, आणि तो येऊन पुसून गेला त्याला वीस मिनिटंही लागली नाहीत. पुसल्यावर लेझरचा उजेड वाढू शकतो, म्हणून पुन्हा कॅलिब्रेशन. तीन दिवसांत दुसरं. रेघ गेली.

नशीब की हे मालिकेच्या आधी सापडलं. सपाट फिल्म पहिल्याच दिवशी काढायला हवी होती. माझा क्रम चुकला.

१७ जून, मंगळवार

१.२१.

१८ जून, बुधवार

१.२२. आज एसएमपीटीईच्या चौकटीची मोजमापंही घेतली. स्टीलच्या पट्टीने आडवी आणि उभी लांबी, दोन्हींचं गुणोत्तर नमुन्याशी जुळतं. वर्तुळ अंडाकृती होत नाही. हे वर्षातून एकदा पुरे.

१९ जून, गुरुवार

१.२२.

दुपारी एक डॉक्टर आले, म्हणाले नव्या प्रिंटरचा काळा हवा तेवढा काळा नाही, डीमॅक्स वाढवता येईल का? वाढवता येतो, सेटिंगमध्ये ३.२ पर्यंत जातो. आधी कागदावर हिशेब मांडला.

फिल्म डोळ्याला किती उजळ दिसते ते दोन गोष्टींवर ठरतं: व्ह्यू बॉक्समधून फिल्मपार येणारा उजेड, आणि खोलीतला उजेड फिल्मच्या पृष्ठभागावरून परतून डोळ्यात येतो तो. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकाच्या छपाईच्या नियमांत दोन्हींसाठी जागा आहे. काहीच सांगितलं नाही तर बॉक्सचे २००० आणि परतलेल्या उजेडाचे १० कँडेला प्रति चौरस मीटर धरले जातात. डीमॅक्स ३.० असेल तर २००० चा हजारावा भाग २, अधिक १०, एकूण १२. डीमॅक्स ३.२ केला तर १.२६ अधिक १०, म्हणजे ११.२६. दोन दशांशांच्या काळेपणाची कमाई पाऊण कँडेलाही नाही. खोलीतला उजेड निम्मा केला तर? ३.० लाच २ अधिक ५, म्हणजे ७.

डॉक्टरांना घेऊन त्यांच्या वाचनखोलीत गेले. दोन व्ह्यू बॉक्स, एकावर फिल्म, दुसरा रिकामा पण चालू. डोक्यावर ट्यूबलाइट. रिकामा बॉक्स बंद केला, फिल्मच्या कडेचा उघडा भाग काळ्या कागदाने झाकला, ट्यूब मालवली. "ही तीच फिल्म?" तीच.

डीमॅक्सला हात लावला नाही. मालिकेच्या मधे लावला असता तर तिसऱ्यांदा सुरुवात करावी लागली असती, हेही खरं.

२० जून, शुक्रवार

१.२१.

२१ जून, शनिवार

१.२०. मालिका पूर्ण.

आठव्या पायरीची सरासरी १.२१. ही एमडी. चौथी ०.४७, बारावी २.१८, डीडी १.७१. डीमिन ०.२१. डीमॅक्स ३.११.

इंजिनिअरचा एमडी १.२६ होता. त्याने काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. त्याचं मीटर वेगळं, आणि यंत्र तेव्हा नुकतंच जुळवलेलं. त्याचा आकडा बेसलाइन म्हणून ठेवला असता तर आमची रोजची निरोगी फिल्म कायम ०.०५ ने कमी दिसली असती, आणि खाली घसरायला कागदावर दहा शतांशच उरले असते.

एसएमपीटीईची पाच दिवसांची सरासरी सीटी, एमआरआय आणि डिजिटल एक्स-रे अशी तिन्हींची वेगळी काढून आपापल्या फॉर्मवर.

२३ जून, सोमवार

मर्यादा ठरवायच्या. एमडी आणि डीडीला ±०.१५, डीमिनला वरच्या बाजूला ०.०३ ही ओल्या प्रोसेसरपासून चालत आलेली मापं. डीमिनला मॅडमनी तेच ठेवायला सांगितलं, माझीही ना नाही. पाया काळवंडणं हे बहुतेक वेळा फिल्म गरम जागी राहिल्याचं किंवा जुनी झाल्याचं लक्षण असतं, ते लवकर कळलेलं बरं.

±०.१५ बद्दल मात्र माझी तक्रार. ओला प्रोसेसर रोज डुलायचा, त्याला एवढी ढील लागायची. हा प्रिंटर आठवडाभर ०.०२ च्या आत राहतो. १२ जूनचा १.२८ आजच्या बेसलाइनपासून ०.०७ वर, म्हणजे ±०.१५ च्या मर्यादेत अर्ध्या वाटेवरही नाही. कॅलिब्रेशन राहिलं हे त्या मर्यादेने कधीच सांगितलं नसतं.

म्हणून दोन रेषा. ±०.१५ ला काम थांबवायचं, कॅलिब्रेट करायचं, तरी नाही आलं तर इंजिनिअर. ±०.०५ ला काम चालू ठेवायचं, पण नोंदवही उघडून बघायचं: नवा लॉट आला का, कॅलिब्रेशन झालं का, मीटरची पट्टी नीट येते का. आणि लागोपाठ तीन नोंदी एकाच दिशेने सरकत असतील तर आकडा मर्यादेत असला तरी मला सांगायचं. मॅडम म्हणाल्या ±०.०५ ने रोज कटकट होईल. रोज झाली तर रेषा चुकीची, बदलू. महिनाभर बघायचं ठरलं.

डीमॅक्सला खालची हद्द ३.०० ठेवली. वर गेला तर जाऊ दे, गुरुवारचा हिशेब पाहता त्याने कुणाचं फारसं बिघडत नाही.

फॉर्मवर एक नवा रकाना: लॉट नंबर आणि 'कॅलिब्रेशन झालं / ढकललं'. ढकललं तर तसंच लिहायचं, रागावणार नाही, असं त्याखाली लिहिलं.

३ जुलै, गुरुवार

सकाळची पट्टी रात्रपाळीच्या मुलाने जाण्याआधी काढून ठेवली होती. एमडी १.२७. मर्यादेत, पण आतल्या रेषेच्या बाहेर. रकाना बघितला. त्याच्या अक्षरात: 'नवा लॉट, रात्री २:१०. ढकललं, अपघाताच्या चार केस होत्या.'

कॅलिब्रेशन केलं. दुसरी पट्टी १.२१.